‘पंपाची सवय लागली तर?’

“मॅडम, या इनहेलर पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही म्हणतात. आणि दोन महिने मारतोय, तरी दम आहे तो आहेच. मग कशाला मारायचा?”

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे काका. १९८२ च्या संपापर्यंत गिरणीच्या कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजण्याच्या, खात्यात होते. कापसाची भुकटी तिथली, विडी मात्र गेल्या वर्षापर्यंत चालू होती. आता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबतात.

सवयीची भीती मला रोज ऐकू येते, आणि ती हसण्यावारी नेऊ नये असं मला मनापासून वाटतं. मी त्यांना हिशोब सांगितला. दम्यासाठी साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची (४००० मायक्रोग्रॅमची) मिळते. तेच औषध पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीचा चाळिसावा हिस्सा. थेट श्वासनळीत जातं म्हणून एवढंसं पुरतं. रोज घ्यावं लागतं ते आजार रोजचा आहे म्हणून. त्याला व्यसन म्हणत नाहीत.

“पण फरक कुठे पडतोय?” काकूंनी विचारलं.

“काका, कसा घेता ते दाखवा.” पंप ‘येतो का’ असं मी विचारतच नाही. सगळे ‘हो’ म्हणतात.

डोसची वेळ झालीच होती. खिशातून रुमालात गुंडाळलेला पंप निघाला. (चाळीत कुणी टीबी समजू नये म्हणून रुमाल.) न हलवता त्यांनी तो तोंडात धरला, दाबला, विडीचा झुरका मारावा तशी घाईची ओढ घेतली आणि लगेच सोडून दिली. ओठांच्या कडेने पांढरी वाफ बाहेर.

मग आमच्याकडचा औषध नसलेला सरावाचा पंप दिला आणि काकूंच्या पर्समधला आरसा समोर धरला. “पुन्हा करा. हे पांढरं दिसलं? तुमच्या पंपातून हेच औषध छातीऐवजी हवेत जातंय.”

काका आरशाकडे बघतच राहिले. “म्हणजे दोन महिने फुकट?”

मला फार वाईट वाटलं. पंप लिहून देणाऱ्याने पाच मिनिटं बसून शिकवलं असतं, तर हे दोन महिने वाचले असते.

डॉक्टरांना विचारून पंपाला स्पेसर, म्हणजे औषध क्षणभर धरून ठेवणारी पोकळ नळी, जोडला. पंप नीट हलवायचा. आधी श्वास सावकाश बाहेर सोडायचा, पण स्पेसरमध्ये नाही. स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून पंप एकदाच दाबायचा, श्वास हळू आणि खोल ओढायचा, मग दहा आकडे श्वास रोखायचा, जमेल तेवढा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने. काकांच्या पंपात स्टेरॉइडही आहे, म्हणून शेवटी चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंड येतं. दहा आकडे मोजायचं काम काकूंनी घेतलं. पहिल्या दिवशी काकांची मजल सहापर्यंतच गेली.

महिन्याने आले तेव्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. दम पूर्ण गेलेला नाही, तो जाणारही नाही, हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं. पण आता जिन्यात एकदाच थांबतात. दुसऱ्या दाबाची घाई अजून होते. तेवढ्यात काकू त्यांच्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, “थांबा हो, माझे आकडे व्हायचेत.”