पिंजरे चोरीला गेले असं लगेच धरून चालू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४ फुटी होडी, मागे ८ हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि खाडीच्या मुखाशी पाण्याला भयंकर ओढ. नांगर धरत नाही, गळ तळाला पोचत नाही. खेकड्यांसाठी चार पिंजरे टाकलेत, दोन तासांनी जाऊन बघता तर तीन पिंजऱ्यांचे बोये, म्हणजे दोराला बांधलेल्या तरंगत्या खुणा, गायब. कुणी उचलून नेले असतील का?

नेलेही असतील. पण मी आधी पाण्यावर संशय घेईन. जोराच्या ओढीत दोर तिरपा ताणला जातो, पाण्याचा रेटा दोरावर आणि बोयावर दोन्हीकडे बसतो आणि हलका बोया सरळ पाण्याखाली ओढला जातो. पहिल्या मोसमात माझे दोन बोये असेच 'चोरीला' गेले होते. शिव्या घालत होडीत बसलो होतो. ओहोटी संपत आली, पाण्यावरच्या वळ्या विरल्या, आणि वीसेक हातांवर एक बोया बुळकन वर आला, अंगाला शेवाळाच्या झिपऱ्या गुंडाळलेला. दहा मिनिटांनी दुसराही आला. तेव्हा तुमचे पिंजरे शोधायला पाणी थांबायच्या वेळी जा.

तुमच्या बहुतेक अडचणी या वेळेच्याच आहेत. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, पण पाणी त्या वेळात सारख्या गतीने उतरत नाही. ढोबळ हिशेब बारा भागांचा आहे: पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच हलतं. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. जो नांगर सकाळी छान धरतो तोच दुपारी घसरतो, त्यात नांगराचा काही दोष नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, त्यातही नंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण असतं. नवख्या माणसाने तेव्हा मुखाकडे जाऊच नये. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, पाणी मवाळ असतं. शिकायचं तर तेव्हा.

एक गोम आहे. भरती-ओहोटीच्या तक्त्यात छापलेली वेळ पाण्याच्या उंचीची असते, प्रवाहाची नव्हे. अरुंद मुखात पाणी चढायचं थांबलं तरी आत वाहतच राहतं, कधीकधी बराच वेळ. आपल्या जागेचा फरक आपणच काढायचा. एखादा रोवलेला खांब बघा, त्याच्यामागचा फेस कधी विरतो ती वेळ वहीत लिहा. आठ-दहा नोंदी झाल्या की तुमचा स्वतःचा तक्ता तयार. दुसऱ्या दिवशी हीच वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

आता पिंजरे. प्रवाहाच्या मधोमध टाकू नका, कडेला टाका, जिथे खोल पाणी उथळाला मिळतं तिथे. खेकडा आमिषाच्या वासावर येतो आणि वास पाण्याबरोबर खाली वाहतो, म्हणून खेकड्यांची जागा माहीत असेल तर पिंजरा तिच्या थोडा वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येतं त्या बाजूला, ठेवायचा. तळाला वजन बांधा, नाहीतर पिंजरा चालत सुटतो. दोर किमान भरतीच्या वेळच्या खोलीच्या दुप्पट हवा, बोया मोठा हवा, आणि त्याच्यामागे दोन-तीन हात दोरावर एक छोटा बोया, आकडीने पकडायला. दोर नायलॉनचा घ्या, तो बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो, आणि पाणी थांबलं की सैल पडलेला दोर इंजिनाच्या पंख्यात जायला टपलेलाच असतो. पिंजऱ्याचं एक दार साध्या सुती दोऱ्याने बांधा. पिंजरा हरवलाच तर दोरा कुजून दार उघडेल, आतले खेकडे उगाच मरणार नाहीत.

पाणी थांबल्यावर टाकायचे आणि पुढच्या वेळी थांबल्यावर काढायचे. मधे सहा तास. भर ओढीत पिंजरा उचलायचा मोह मला एकदा झाला, तो सांगतो. दोर हाताला लागला, पिंजरा खडकात अडकलेला, म्हणून 'जरा वेळ' दोर होडीच्या बाजूच्या खुंटीला अडकवला. एवढंच केलं. होडी प्रवाहाला आडवी झाली, दोर ताणला, आणि त्या बाजूचा काठ असा खाली गेला की पाणी सळसळ आत यायला लागलं. ओरडायलाही वेळ नव्हता. सुरी कमरेलाच होती, एका झटक्यात दोर तुटला आणि होडी डुलत सरळ झाली. सुरी डब्यात असती तर हे उत्तर लिहायला मी नसतो. तेव्हापासून नियम एकच: खालच्या अंगाने, होडीचं तोंड प्रवाहाकडे ठेवून बोयाजवळ जायचं, दोर पुढच्या बाजूने उचलायचा, हाताला गुंडाळायचा नाही, कुठेही बांधायचा नाही. येत नसेल तर सोडून द्यायचा. पाणी थांबलं की तोच पिंजरा अलगद येतो.

नांगराचंही तसंच. नाळेवरूनच, म्हणजे पुढच्या टोकावरूनच टाकायचा. मागे इंजिनाजवळ बांधलेला नांगर लहान होडी मागून बुडवतो, ते घडायला मिनिटभरही लागत नाही. दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडा आणि नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी लावा. साखळी नसली की दोर नांगराला वर उचलतो, आणि तुम्ही म्हणता धरत नाही. खडकाळ तळ असेल तर साखळी नांगराच्या बुडाशी अडकवा आणि वरच्या कडीला बारीक सुतळीने बांधा. नांगर अडकला की जोर लावल्यावर सुतळी तुटते आणि तो उलटा ओढला जाऊन सुटतो. दोराच्या वरच्या टोकाला बोया असू द्या, म्हणजे गरज पडली तर सगळंच सोडून निघता येतं.

माशांसाठी मात्र पाणी पूर्ण थांबायची वाट बघू नका. माझा अनुभव असा की अगदी स्थिर पाण्यात मासा सुस्त असतो; ओढ सुरू होते तो पहिला तास-सव्वा तास खरा. मासा प्रवाहात उभा राहून ताकद घालवत नाही, खडकाच्या मागे, खांबाच्या आडोशाला, वळणाच्या कडेला थांबून वाहत येणाऱ्या घासाची वाट बघतो. गळ वरच्या अंगाला फेका, म्हणजे तळाशी पोचेपर्यंत तो तुमच्यासमोर येतो. नुसतं वजन वाढवत बसण्यापेक्षा बारीक विणलेली दोरी वापरा, तिला पाणी कमी धरतं. आणि नांगर टाकण्यापेक्षा होडी प्रवाहाबरोबर सोडून दिली तर गळ जवळजवळ सरळ खाली राहतो. संपलं की पुन्हा वर जायचं आणि पुन्हा वाहत यायचं. मला तर हीच पद्धत जास्त आवडते.

तुमच्या इंजिनाबद्दल थोडं. होडी ५ नॉटने जाते आणि समोरून ४ नॉटची ओढ आहे, तर तुम्ही पुढे सरकता १ नॉटने, म्हणजे ताशी दोन किलोमीटरपेक्षा कमी. रमतगमत चालणारा माणूस पुढे जाईल. म्हणून मुखाशी काम चढत्या पाण्यात करा. इंजिन बंद पडलं तर पाणी आत आणून सोडेल, बाहेर नेणार नाही. ओहोटी बाहेर वाहतेय आणि वारा समुद्राकडून येतोय, तेव्हा तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा वेळी चौदा फुटी होडीने तिथे नसावं. लाइफ जॅकेट अंगात घालून ठेवा, बसायची गादी म्हणून नको. इंजिन बंद करायची दोरी मनगटाला, आणि वल्ही सोबत.

पिंजरे मिळाले तर अंडीवाल्या माद्या आणि लहान खेकडे सोडून द्या. तिन्ही बोये वर आले का तेही इथेच खाली लिहा. दोनच आले तर तिसऱ्याचा दोर बहुधा आखूड होता.