घरी भरलेली 9 मिमी काडतुसं एवढी का विखुरतात?

तुम्ही लिहिलंय, की पिस्तूल तेच, टेकूही तोच; 25 यार्डांवर विकतची काडतुसं तीन इंचांत बसतात आणि 124 ग्रेन वजनाच्या शिशाच्या बुलेट घालून तुम्ही भरलेली आठ इंचांत पसरतात. वर काही भोकं लांबट. म्हणजे पिस्तुलाचा दोष नाही, तुमच्या हाताचाही नाही. पावडर कमीजास्त करून बघायचा मोह तूर्त आवरा.

लांबट भोक पडतं ते बुलेट कलंडत कागदावर आदळते म्हणून. नळीतल्या आट्यांनी तिला नीट पकडलेलंच नसतं. शिशाच्या बाबतीत माझा पहिला संशय मापावर. जॅकेटवाली, म्हणजे तांब्याचं कवच असलेली, बुलेट 0.355 इंच व्यासाची चालते, शिशाची बहुधा 0.356 किंवा 0.357 लागते. डब्यावर तेवढं छापलेलं असेलही, पण पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी खोळीत, शिरल्यावर ती तेवढी उरते का? 9 मिमीची पुंगळी आतून बुडाकडे जाड होत जाते, आणि बऱ्याच डाय-सेटमधला (भरायच्या साच्यांच्या संचातला) एक्स्पांडर, म्हणजे पुंगळीचं तोंड आतून रुंद करणारा दांडा, जॅकेटवाल्या बुलेटच्या हिशोबाने केलेला असतो. मऊ शिसं तिथे आवळलं जातं. त्यावर क्रिम्प जोरात दिला, म्हणजे पुंगळीचं तोंड बुलेटवर जास्त आवळलं, की उरलंसुरलं माप गेलं.

प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर न घालता, भरायच्या प्रेसची सेटिंग तीच ठेवून एक डमी भरा. हातोडीसारख्या पुलरने बुलेट काढा आणि तिचं बूड मायक्रोमीटरने मोजा; एका थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) फरकाला साधा कॅलिपर भरवशाचा नाही. माप घटलेलं निघालं तर शिशाच्या बुलेटसाठी मिळणारा जाड एक्स्पांडर घ्या. क्रिम्प फक्त तोंडाचा फुगवटा जाण्याइतका, तोंडाशी बाहेरून 0.378 ते 0.380 इंच. ही पुंगळी चेंबरमध्ये तोंडावरच टेकते, त्यामुळे तोंड आत वळवायचं नाही.

पुन्हा चाचणी घेण्याआधी नळी घासा. शिशाचे चकचकीत पट्टे राहिले तर चांगली काडतुसंही भरकटतील. जॅकेटवाल्या चार गोळ्या मारून ते शिसं काढायचा सल्ला रेंजवर कोणीतरी देईलच. ऐकू नका, दाब वाढतो. बुलेट जास्त खोल बसवली तरी तेच, आणि एवढ्याशा पुंगळीत तो झपाट्याने वाढतो. काडतुसाची एकूण लांबी भरण्याच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवा.

तुम्ही अमेरिकेत आहात म्हणून हे सगळं. भारतात परवान्याशिवाय काडतुसं भरणं शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा आहे.

एवढं करूनही बुलेटचं माप पूर्ण भरलं आणि विखुरणं तसंच राहिलं, तर मग पावडरकडे वळा, मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून. पावडरच्या प्रत्येक मापाच्या दहा गोळ्या मारा. पाचांचा गट नशिबानेही चांगला येतो.