मेंदूचा फोटो काढायचा का?

"मॅडम, पोराच्या मेंदूतच बिघाड असंल तर एमआरआय काढूनच बघूया की," असे उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या एका वडिलांनी मला विचारले, तेव्हा शेजारी बसलेल्या त्यांच्या चौथीतल्या मुलाने मान खाली घातली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलाच्या डिस्लेक्सियाचे, म्हणजे वाचन-लेखन शिकताना येणाऱ्या विशिष्ट अडचणीचे, निदान झालेले होते, 'किरण' हा शब्द तो 'करिण' वाचत असे. आपली पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे ही चूक मला मुळीच विचित्र वाटत नाही.

एमआरआयने डिस्लेक्सियाचे निदान होत नाही, ते वाचन-लेखनाच्या चाचण्यांवरून होते. संशोधनात अनेकांची सरासरी काढल्यावर दिसणारे फरक एकट्या मुलाच्या फोटोत बोट ठेवून दाखवता येत नाहीत. हे फरक इजेमुळे झालेले नसून मेंदूच्या कामाच्या पद्धतीतले आहेत: वाचताना डाव्या बाजूचे, अक्षराला ध्वनीशी जोडणारे आणि ओळखीचा शब्द पाहताक्षणी टिपणारे भाग तुलनेने कमी सक्रिय राहतात. मोठेपणीही हा फरक पुरता जात नाही, पण काही प्रौढांचा मेंदू उजव्या बाजूची आणि पुढच्या भागाची जास्त मदत घेतो. त्यामुळे अचूकता येते, वेग मात्र कमीच राहतो.

हे ऐकून वडील गप्प झाले. मघाशी संमतीचा फॉर्म त्यांनी न वाचताच पत्नीकडे सरकवला होता, हे माझ्या लक्षात होते. मुलाला बाहेर पाठवून ते म्हणाले, "ड्रॉइंग मला एका नजरेत कळतं, पण नोटीस वाचायची तर निम्मी अंदाजानं. नववीत शाळा सोडली ती ह्याच्यापायीच." डिस्लेक्सिया घराण्यात चालत येऊ शकतो, तरीही चाचणीशिवाय मी त्यांच्यावर शिक्का मारला नाही. एवढेच सांगितले की २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ध्वनींचे पद्धतशीर प्रशिक्षण घेतलेल्या डिस्लेक्सियाग्रस्त प्रौढांचे वाचन सुधारले आणि त्यांच्या मेंदूच्या सक्रियतेतही बदल दिसला. लहानपणी सुरुवात झालेली अधिक चांगली, पण दार पुढेही बंद होत नाही.

पुढच्या भेटीला त्यांनी कारखान्यातून पत्र्याची अक्षरे कापून आणली. वेलांटी वेगळी कापलेली होती, आणि ती 'क'च्या कोणत्या बाजूला लावायची यावर बापलेकांचा वाद रंगला होता.