दिवस राहण्याआधी आहारात काय बदल करावेत?

तुम्ही विचारलंय, तीन-चार महिन्यांनी बाळासाठी प्रयत्न सुरू करणार आहात, तर लवकर दिवस राहावेत म्हणून काय खावं? तसा जादूचा पदार्थ नाही. पण आत्ताच विचारलंत, हे फार बरं केलंत.

मी नव्हतं विचारलं. पहिल्या वेळी टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर फॉलिक अ‍ॅसिड (बी गटातलं एक जीवनसत्त्व) सुरू केलं आणि डॉक्टर म्हणाल्या, "हे आधीपासून घ्यायचं असतं." बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नीट मिटायला हे लागतं आणि ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येईतो त्यातले निम्मे दिवस संपलेले असतात! माझं निभावलं, पण दुसऱ्या वेळी गोळी तीन महिने आधी सुरू केली. रोज 400 मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून गर्भारपणाचे पहिले 12 आठवडे संपेपर्यंत. पालेभाज्या, डाळी खाच. पण शिजवताना त्यांतलं फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडचं नैसर्गिक रूप) बरंच जातं, म्हणून गोळी हवीच. आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटल्याचा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस वेगळा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील. त्याच भेटीत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या.

नवऱ्यालाही ताटावर बसवा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे तंबाखू आणि दारू त्यांनी आजच सोडली तर फरक तुमच्या मुहूर्तापर्यंत दिसेल. 'पुरुषशक्ती'च्या महागड्या कॅप्सूल मात्र नकोत. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेल्या चाचणीत (निकाल 2020 चा) पुरुषांना झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड देऊन बाळं काही जास्त जन्मली नाहीत. पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या.

वजन जास्त असून पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा विकार) असेल, तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी रुळावर येते. उपाशी राहून उतरवू नका, शरीराला अन्न कमी पडलं की बीज सुटणंच थांबू शकतं. चहा-कॉफी बेताची. व्हिटॅमिन ए च्या जादा गोळ्या आणि लिव्हर टाळा.

आणि वर्षभरात दिवस राहिले नाहीत, वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत, तर आहारात आणखी खोट शोधत बसू नका. दोघंही तपासणीला जा.