सेंटरपीस पसंत करण्याआधी खुर्चीत बसून बघा

तुम्ही लिहिलंय की रिसेप्शनला आठ-आठ खुर्च्यांची गोल टेबलं आहेत, डेकोरेटरने १८ इंची सेंटरपीसचा, म्हणजे टेबलाच्या मधोमध ठेवायच्या फुलांच्या सजावटीचा, नमुना दाखवलाय, घरात सगळ्यांना आवडलाय, तरी तुमचं मन घेत नाहीये. वाचून पोटात गोळाच आला. बहिणीच्या रिसेप्शनसाठी मी जवळपास हाच नमुना पसंत केला होता.

रंग, फुलं, बजेट याबद्दल सांगत नाही, ते तुमचं ठरलेलं दिसतंय. उंचीचं तेवढं ऐका.

मी नमुना पाहिला तो डेकोरेटरकडे, रिकाम्या टेबलावर आणि उभ्याने. चारी बाजूंनी फिरून फोटो काढले, पण एकदाही खुर्ची ओढून बसले नाही. टेबल साधारण ३० इंच उंच असतं आणि बसलेल्या माणसाचे डोळे त्याच्या वर १८ इंचांच्या आसपास येतात. म्हणजे गुच्छ बरोब्बर नजरेसमोर आडवा. त्या दिवशी समोरासमोर बसलेली माणसं माना वाकड्या करून बोलत होती. मग एका काकांनी फुलदाणी उचलून भिंतीशी ठेवली, त्यांचं बघून शेजारच्या टेबलाने, आणि बघता बघता निम्म्याहून जास्त फुलं जमिनीवर. बहीण एका शब्दाने बोलली नाही, पण तिच्या अल्बममधली ती ओकीबोकी टेबलं मला आजही बघवत नाहीत.

माझं मत ठाम आहे: फुलांसकट १२ इंचांच्या आत ठेवा, नाहीतर गुच्छ २४ इंचांच्या वर सुरू होऊ दे आणि खाली बारीक दांडा असू दे. मधलं काही घेऊच नका. उंच घेतलंत तर तळ जड हवा, नाहीतर टेबलाला धक्का लागला की कलंडतं. (मी व्यावसायिक नाही, एकाच समारंभातून शिकलेली आहे. लांब टेबलांचं गणित वेगळं असू शकेल.)

मेणबत्त्या लावणार असाल तर हॉलच्या ऑफिसकडून लेखी घ्या. मी दोनदा जाऊन विचारलं, दोन्ही वेळा "तेव्हा बघू" एवढंच. समारंभाच्या दिवशी दुपारी सांगितलं, उघडी ज्योत चालणार नाही. तोवर काचेचे ग्लास टेबलांवर मांडून झाले होते. आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर सेलवरचे दिवे आणले असते. याचा राग अजून गेलेला नाही.

लिली घेत असाल तर परागकोश आधीच काढायला सांगा, कपड्यांवर पिवळे डाग पडतात. पडलेच तर पाणी लावून चोळू नका, चिकटपट्टीने टिपून घ्या. हायड्रेंजियाला पाणी फार लागतं, फुलं खोचायच्या फोममध्ये ती लवकर माना टाकते. आणि हिरवा फोम पाण्यात दाबून बुडवायचा नाही, आपोआप बुडू द्यायचा. दाबला तर आत कोरडा राहतो.

नमुना परत मागवा. ताटं, ग्लास मांडलेल्या टेबलावर ठेवा आणि दोघं समोरासमोर बसून पाच मिनिटं बोला. डेकोरेटर कुरकुरेल, कुरकुरू दे. त्याला आधी एवढं विचारा, की १८ इंच ही नुसत्या फुलदाणीची उंची आहे की फुलांसकट? मी ते विचारलंच नव्हतं.