हळकुंड, कात्री आणि पाकिटातलं कार्ड

प्रश्न : ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते, घरी ब्लाउज शिवते. हल्ली नंबर सगळे मोबाईलमध्ये सेव्ह करतात, मग व्हिजिटिंग कार्डावर पैसे घालवू का? आणि तुमच्या रोजच्या आवडत्या वस्तू कोणत्या?

उत्तर : अगं छाप की, नक्की छाप! नंबर सेव्ह होतो गं, पण कुठल्या नावानं केला तेच आठवत नाही आणि ऐन लग्नसराईत सापडत नाही. आमच्या मशीन रिपेअरवाल्या काकांचं कार्ड मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, कितीतरी जणींनी त्याचा फोटो काढून नेला. साईज साडेतीन बाय दोन इंच घे म्हणजे पाकिटात बसतं, कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड सांग, पण मागची बाजू कोरी ठेव आणि तिला लॅमिनेशन नको, चकचकीत कागदावर बॉलपेन उठत नाही, कोऱ्या बाजूवर ट्रायलची तारीख लिहून देता येते ना! पहिल्यांदा शंभरच डिजिटल प्रिंट कर. नाव मराठीत, ठळक.

वस्तू म्हणशील तर आपली सांगलीची हळद, २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली. मी पुड्या घेत नाही, गणपती पेठेतून हळकुंडं आणते आणि गिरणीत दळून घेते, डबा उघडला की स्वयंपाकघरभर वास सुटतो. दुसरी माझी जुनी लोखंडी कात्री, धार लावून लावून वापरते, तिच्याशिवाय हात चालत नाही. कार्ड छापलंस की एक मलाही पाठव हं.