दफनभूमीत रानडुकरं घुसतात, कुंपण कसं करावं?

प्रश्न: नमस्कार जी. आमच्या गावची दफनभूमी लई जुनी आहे, इंग्रजांच्या काळातल्या घडीव दगडाच्या कबरी आहेत तिथं. एका अंगाले चुन्यातली दगडी भिंत, अर्धी पडलेली, बाकी तिन्हीकून काटेरी तार. रानडुकरं रात्री येऊन नवीन माती उकरतात, मागच्या महिन्यात माझ्या आजीची जागा उकरली, तवापासून मले झोप नाही. ग्रामपंचायत म्हणते जुनी भिंत पाडून चारी बाजूनं सिमेंटची उंच भिंत बांधू. काय करावं? – एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर: भाऊ, आजीचं वाचून पोटात कालवलं. त्या जागेवर आजच जाड जाळी अंथरा, वरून मोठाले दगड ठेवा, कुंपण होईस्तोवर तेवढा तरी आधार.

डुक्कर सहसा वरून उडी मारून येत नाही, नाकाडानं खालून तार उचलते आन् घुसते, म्हणून उंचीपेक्षा बुडाकडं पाहा. जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी तारेची, चेनलिंक जाळी घ्या, पाच फुटी, तिचं बुड फूटभर जमिनीत गाडा नाही तं खाली काँक्रीटची पट्टी टाकून त्यात पक्कं करा. अँगल, म्हणजे जाळीचे लोखंडी खांब, आठ-दहा फुटांवर, कोपऱ्याच्या अँगलले दोन्हीकून तिरपे टेकू. आमच्या गावात ठेकेदारानं काळ्या मातीत फक्त दीड फुटाचे खड्डे घेतले, एका पावसाळ्यात अर्धे अँगल कलले, कारण ही माती पाण्यानं फुगते आन् उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम लागेस्तोवर खणा. उंच भिंतही कच्च्या पायावर अशीच तडकते, पैसा जाते तो वेगळाच.

खड्डे मात्र हातानं खणा, जेसीबी आत आणूच नका. जुन्या दफनभूमीत काठालेही बिनखुणेच्या कबरी असतात, हाड किंवा विटांचा थर लागला तं थांबा, खड्डा बुजवा, अँगल दोन फूट सरकवा. जुनी भिंत पाडू नका हो, तेच दगड चुन्यातच परत लावा, सिमेंट लावलं का ओल आत कोंडते आन् दगड झिजत जाते. तारेत करंट सोडायचं कोणी सुचवलं तं साफ नाही म्हणा, आपल्याकडं असल्या तारांनी माणसं मेली आहेत.

कामाआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा घ्या, नाही तं शेजारच्या वावरवाल्याशी भांडण ठरलेलं. जवळ केंद्राचं संरक्षित स्मारक असलं तं १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाले मनाई आहे आन् त्यापुढच्या २०० मीटरात परवानगी लागते, तेही विचारून घ्या. पैशासाठी ग्रामसभेत ठराव घेऊन जनसुविधा योजनेतून मागणी करा, दहनभूमी-दफनभूमीची कामं त्यात बसतात.

फाटक ट्रॅक्टर जाईल एवढं ठेवा, दहा फूट, आन् त्याच्याखाली काँक्रीटचा उंबरा नक्की करा, फाटकाखाली फट राहिली तं डुक्कर तिथूनच आत येईल.